पोलिसाच्या वहीतली पहिली ओळ

एखाद्याला त्याच्या वर्णामुळे मार बसला, हे ठरवायचं कुणी? मार खाणाऱ्याने, मारणाऱ्याने, पोलिसाने की न्यायाधीशाने? इंग्लंडमध्ये या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी लागू आहेत. तक्रार नोंदवताना पीडिताचा शब्द प्रमाण, आणि शिक्षा देताना पुरावा प्रमाण. गेली काही वर्षं मी इथल्या एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एक संध्याकाळ बसते. पोलीस ठाण्याची पायरी चढायला कचरणाऱ्यांची तक्रार लिहून घ्यायची आणि ती पोलिसांकडे पोहोचवायची, एवढंच आमचं काम. तिथे बसून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. पहिली नोंद पीडिताच्या शब्दावर झाली नाही, तर न्यायालयात लागणारा पुरावा पुढे कुणी गोळाच करत नाही.

नोंदीची व्याख्या अगदी छोटी आहे. पीडिताला किंवा इतर कोणालाही जी घटना वर्णद्वेषी वाटते, ती वर्णद्वेषी घटना. सर विल्यम मॅकफर्सन या निवृत्त न्यायाधीशांचा चौकशी अहवाल २४ फेब्रुवारी १९९९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात ७० शिफारशी होत्या आणि त्यातली बारावी म्हणजे ही व्याख्या. ती कुठल्या अभ्यासिकेत बसून कुणाला सुचलेली नाही. तिच्यामागे एका मुलाचा खून आहे आणि त्या खुनाचा हातातून घालवलेला तपास आहे.

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला दक्षिण-पूर्व लंडनमधल्या एल्टम भागात, वेल हॉल रोडवर, दोन मित्र बसची वाट पाहत होते. स्टीफन लॉरेन्स १८ वर्षांचा होता, शिकत होता, त्याला आर्किटेक्ट व्हायचं होतं. दुसरा त्याचा मित्र ड्वेन ब्रूक्स. दोघेही कृष्णवर्णीय. गोऱ्या पोरांचं एक टोळकं रस्ता ओलांडून आलं. आधी वर्णावरून शिवी आली आणि पाठोपाठ सुरा. स्टीफन तशाच अवस्थेत शंभरेक मीटर धावला आणि कोसळला.

पोलीस पोहोचले तेव्हा सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस समोर उभा होता. ब्रूक्स हादरलेला होता, चिडलेला होता, अँब्युलन्स कुठे अडकली म्हणून आरडाओरडा करत होता. पोलिसांना दिसला तो एक आक्रमक काळा तरुण. त्याला पीडित म्हणून वागवलं गेलं नाही, हे मॅकफर्सन अहवालाने नि:संदिग्ध शब्दांत लिहिलं आहे. हल्ल्याच्या क्षणी त्याच्या कानावर काय पडलं, यातच खुनाचं कारण होतं. तरीही हा खून निव्वळ वर्णद्वेषातून झाला हे मानायला तपासातले काही अधिकारी शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला बसले तेव्हा खुनाला पाच वर्षं झाली होती, तरी त्यांची तीच भूमिका कायम होती.

संशयितांची नावं पहिल्या दोन-तीन दिवसांतच पोलिसांच्या कानावर आली होती. अटक मात्र ७ मे रोजी सुरू झाली. त्याच्या आदल्या दिवशी लंडनमध्ये आलेल्या नेल्सन मंडेलांनी स्टीफनच्या आई-वडिलांची भेट घेतली होती. मधल्या काळात संशयितांच्या घरावर पाळत होती. तिथून एक तरुण कचऱ्याची काळी पिशवी घेऊन बाहेर पडला, ते पाळतीवरच्या माणसाने पाहिलं, पण त्याला कुणी थांबवलं नाही. पिशवीत काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. १९९६ मध्ये आई-वडिलांनी स्वतः खासगी खटला उभा केला. ब्रूक्सने पटवलेली ओळख न्यायाधीशांनी ग्राह्य धरली नाही आणि खटला कोसळला. पुढे २००३ च्या कायद्याने, एकदा निर्दोष सुटलेल्यावर नवा आणि भक्कम पुरावा मिळाला तर खुनासारख्या गुन्ह्यात पुन्हा खटला चालवायची वाट मोकळी केली. जानेवारी २०१२ मध्ये टोळक्यातल्या दोघांना जन्मठेप झाली. त्यातला एक १९९६ मध्ये सुटलेला होता. पुरावा काय होता? १९९३ मध्येच जप्त झालेल्या कपड्यांवरचे काही धागे आणि जाकिटाच्या कॉलरवरचा रक्ताचा एक सूक्ष्म डाग. जे कपडे जप्त झाले त्यांनी जवळजवळ १९ वर्षांनी साक्ष दिली. जे त्या दोन आठवड्यांत हातचे गेले, त्यांचं काय?

म्हणून ही व्याख्या म्हणजे पीडितांवर केलेली मेहरबानी, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ती तपासाची शिस्त आहे. समोरच्या पोलिसाला त्याच्या अंदाजानुसार कारण ठरवायची मुभा होती. व्याख्येने ती काढून घेतली. तू नंतर काय ते शोध, पण आधी हे लिही, असं ती बजावते. खरं तर पीडिताच्या आरोपाची दखल घ्या असं पोलिसांच्या १९८५ च्या व्याख्येतही होतं. पण तिथे पहिला मान होता तो तक्रार घेणाऱ्या किंवा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला काय वाटतं याला. मॅकफर्सननी तो क्रम मोडला.

आमच्या केंद्रात एक बसचालक आले होते, त्यांचं सांगते. साठीला टेकलेले, पगडीधारी शीख गृहस्थ. बोलणं मोजकं. एका प्रवाशाने त्यांच्या तोंडावर थुंकून पगडीला हात घातला होता. पोलीस त्याच संध्याकाळी येऊन गेले होते आणि पंधरवडा उलटला तरी पुढे काही कळलं नव्हतं. सोबत त्यांची मुलगी होती. मी फॉर्म पुढे ओढला. तारीख, वेळ, बसचा क्रमांक, थांबा, सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. मग मी विचारलं, ‘तो माणूस नेमकं काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांगा.’ ते गप्प झाले. थोड्या वेळाने मुलीला म्हणाले, ‘जरा बाहेर बसशील का?’ ती गेल्यावर त्यांनी ते वाक्य सांगितलं. खालच्या मानेने, इंग्रजीत, जसंच्या तसं. मी ते तसंच उतरवलं. एक शिवी मी मोघम लिहिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, मलाही. पण त्या चौकटीत मोघम लिहून चालत नाही. कायदा त्या एका वाक्यावर उभा राहतो.

‘हे पोलिसांना सांगितलं होतंत का?’ मी विचारलं.

‘काय झालं ते विचारलं, तेवढं सांगितलं. काय म्हणाला ते विचारलं नाही,’ ते म्हणाले.

नंतर कळलं की पहिल्या नोंदीत ‘भाड्यावरून प्रवाशाशी वाद’ एवढंच लिहिलेलं होतं. यात खोटं काहीच नव्हतं. वादाला सुरुवात भाड्यावरूनच झाली होती. पण भाड्याच्या वादासाठी बसमधलं चित्रीकरण आवाजासकट तातडीने मागवायची घाई कोण करणार? पुढच्या बाकावरच्या बाईंचा जबाब कोण घेणार? आमची तक्रार पोहोचली, नोंदीवर वर्णद्वेषाचा शेरा पडला, नवा अधिकारी मनापासून कामाला लागला. पण तोवर चित्रीकरण ठरलेल्या मुदतीप्रमाणे पुसलं गेलं होतं. त्या बाई सापडल्या नाहीत. त्या माणसाने थुंकल्याचं कबूल केलं आणि त्या वाक्याचा साफ इन्कार केला. आरोप लागला तो साध्या मारहाणीचा.

चीड आणणारी गोष्ट अशी की भाड्याचा वाद आणि वर्णद्वेष यांतलं एकच काहीतरी खरं असेल, असं इथला कायदा म्हणतच नाही. क्राइम अँड डिसऑर्डर ॲक्ट १९९८ चं कलम २८ वाचा. गुन्ह्याला वर्णद्वेषाची जोड आहे हे दोन प्रकारे सिद्ध होतं. एक, गुन्हा करताना किंवा त्याच्या लगेच आधी-नंतर आरोपीने पीडिताच्या वंशावरून वैरभाव दाखवला. दोन, गुन्ह्यामागची प्रेरणाच पूर्णपणे किंवा अंशतः तो वैरभाव ही होती. यातलं एक सिद्ध झालं तरी पुरे. वैरभावाला आणखी काही कारण होतं का, हा मुद्दा गैरलागू आहे, असं त्याच कलमात लिहिलं आहे. २००२ मधल्या एका खटल्यात भांडण पेटलं होतं अपंगांसाठी राखीव असलेल्या जागेत गाडी उभी करण्यावरून. राग पार्किंगचाच होता, हे मान्य करूनही त्या रागात तोंडातून निघालेली वर्णावरची शिवी हा वैरभाव दाखवणंच होय, असं हायकोर्टाने ठरवलं.

पहिल्या प्रकारात मनाचा तळ शोधावा लागत नाही, हे फार महत्त्वाचं. मनात काय होतं ते कुणाला दिसतं? काय बोलला, काय केलं, ते ऐकू येतं, दिसतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका खटल्यात शिवी खाणारा क्लबच्या दारावरचा रखवालदार होता. त्याला असल्या शब्दांची सवय होती, त्याने ते मनाला लावून घेतले नव्हते. कोर्ट म्हणालं, त्याने फरक पडत नाही. आरोपीने वैरभाव दाखवला की नाही, एवढंच बघायचं. म्हणजे नोंदीत पीडिताला काय वाटलं याला सगळं महत्त्व आणि खटल्यात त्याला जवळपास काहीच नाही. ही विसंगती वाटेल, पण दोन्ही आपापल्या जागी योग्यच आहेत. ‘नुसतं वाटलं म्हणून माणूस गुन्हेगार ठरतो’ अशी ओरड इथल्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून होते, तेव्हा हा फरक कुणी सांगत नाही. वाटण्यावरून फक्त नोंद होते. ज्यूरीला खात्री पटेपर्यंत पुरावा हा द्यावाच लागतो.

कुणाला ‘वांशिक गट’ म्हणायचं याचीही छान चर्चा न्यायालयांत झाली आहे. वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व, नागरिकत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ, असं सगळं १९९८ च्या कायद्यात आहेच. शीख हा वांशिक गट आहे हे त्याआधीच, १९८३ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, मान्य केलं होतं. तो खटला एका शाळकरी मुलाच्या पगडीचा होता. २००७ मध्ये याच न्यायपीठापुढे एक वेगळाच पेच आला. बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरवरच्या एका माणसाने तीन स्पॅनिश मुलींना ‘ब्लडी फॉरिनर्स’ म्हटलं, ‘आपल्या देशात परत जा’ म्हणून सुनावलं आणि त्यांचा पाठलाग केला. बचाव असा की ‘परकीय’ हा काही वंश नाही. बॅरोनेस हेल यांनी तो फेटाळला. माणसांचा गट ते कोण आहेत यावरून जसा ठरतो, तसाच ते कोण नाहीत यावरूनही ठरू शकतो. मला हा निकाल फार आवडतो. द्वेष करणारा कधी नकाशा उघडून बसत नाही. समोरचा आपल्यातला नाही, एवढं त्याला पुरतं, आणि कायद्याने ते ओळखलं.

हे वाचताना मराठी माणसाला खैरलांजी आठवल्याशिवाय राहणार नाही. जात आणि वंश एक नव्हेत, कायदेही वेगळे. पण पेच तोच. सप्टेंबर २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आलं. दोषींना शिक्षा झाल्या, पण खालच्या कोर्टाने आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही ते हत्याकांड सुडाचं ठरवलं आणि ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. सूड असला म्हणजे जात नसते का? त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये तेव्हा, पीडित अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ गंभीर गुन्हा केला पाहिजे, अशी अट होती. २०१५ च्या दुरुस्तीने तिथे ‘हे माहीत असताना’ असं आलं. कारण सिद्ध करणं आणि माहिती सिद्ध करणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर कळायला आपल्याला कायदा झाल्यापासून पाव शतक लागलं.

परत इंग्लंडकडे येते. वर्णद्वेषाची जोड सिद्ध झाली तर साध्या मारहाणीची कमाल शिक्षा ६ महिन्यांवरून २ वर्षांवर जाते, जखमी करणाऱ्या मारहाणीची ५ वर्षांवरून ७ वर सरकते. अशा गुन्ह्यांची यादी १९९८ च्या कायद्यात आहे. चोरी, दरोडा अशा त्या यादीबाहेरच्या गुन्ह्यांत २०२० च्या शिक्षाविषयक कायद्याचं कलम ६६ लागतं. वैरभावामुळे गुन्हा अधिक गंभीर धरायचा आणि तसं उघड न्यायालयात सांगायचं, हे न्यायाधीशावर बंधनकारक आहे. आकड्यांपेक्षा मला हे उघड सांगणं मोलाचं वाटतं. पीडिताला काय हवं असतं? केंद्रात येणाऱ्यांपैकी फार थोडे तुरुंगाबद्दल बोलतात. हे माझ्याशी का झालं ते मोठ्याने कुणीतरी म्हणावं, एवढंच बहुतेकांचं मागणं असतं.

बसचालकांच्या खटल्यात ते कुणी म्हणालं नाही. न्यायाधीशाची इच्छा असती तरी त्याचे हात बांधलेले होते. मारहाणीसारखा गुन्हा १९९८ च्या यादीत आहे. वर्णद्वेषाची जोड असलेला आरोपच लावलेला नसेल, तर शिक्षेच्या वेळी तो मुद्दा मागच्या दाराने आत आणता येत नाही. आरोपीच्या बाजूने पाहिलं तर हे न्याय्यच आहे. ज्याचा आरोपच नाही त्याची शिक्षा कशी द्यायची? पण म्हणूनच पहिल्या दिवशी कुणी काय लिहिलं याला एवढं वजन येतं.

गुन्हा नसलेल्या घटनांच्या नोंदीबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त धुरळा त्यावरच उडतो. मॅकफर्सनची तेरावी शिफारस सांगते की वर्णद्वेषी घटनेत गुन्हे आणि गुन्हा नसलेल्या गोष्टी दोन्ही येतात, आणि दोन्हींकडे सारख्याच निष्ठेने पाहावं. वीसेक वर्षांनी याला फाटे फुटले. ज्यांनी कायदा मोडला नाही अशांची नावं पोलिसांच्या दप्तरात जाऊन बसू लागली. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने तेव्हाची मार्गदर्शक तत्त्वं भाषणस्वातंत्र्यावर नको इतका दबाव आणणारी ठरवली. २०२३ च्या नव्या संहितेने, गंभीर हानीचा किंवा पुढे गुन्हा घडण्याचा खरा धोका असेल तरच व्यक्तीचं नाव नोंदवावं, असा दंडक घातला. मला तो पटतो. कुणाचं तरी मत आवडलं नाही म्हणून त्याचं नाव पोलिसांकडे असू नये. पण म्हणून नोंदच नको म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. एकाच दारावर आज अंडी फुटतात, पुढच्या महिन्यात पत्रपेटीतून घाण आत पडते, मग खिडकीवर दगड येतो. एकेक सुटी पाहिली तर पोरांची टवाळी वाटते. ओळीने लिहिलेली असली तर पुढे काय येणार आहे ते दिसतं आणि त्या घरातल्यांना आधी सावध करता येतं. आरोपीचं नाव न लिहिताही घराचा पत्ता लिहिता येतो.

मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांनी सुमारे १ लाख ४० हजार द्वेषमूलक गुन्हे नोंदवले. त्यातले ९८ हजारांहून अधिक वर्णद्वेषी होते. लोक धीराने पुढे येऊ लागले की आकडा वाढतो आणि त्यांचा विश्वास उडाला की कमी होतो, त्यामुळे घटलेल्या आकड्यावर मी तरी खूश होत नाही. विश्वासाचं म्हणाल तर लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष, म्हणजे एकदोघांत नव्हे तर दलाच्या कारभारातच मुरलेला वर्णद्वेष, आहे हे मॅकफर्सननी १९९९ मध्ये लिहिलं, आणि मार्च २०२३ मध्ये बॅरोनेस लुईस केसी यांच्या अहवालाला तेच पुन्हा लिहावं लागलं. पोलीस आयुक्तांनी त्यातले निष्कर्ष स्वीकारले, ‘संस्थात्मक’ हा शब्द मात्र वापरायला नकार दिला. असं असताना लोकांनी थेट ठाण्यातच जावं हा आग्रह कशासाठी? ठाण्याबाहेर, चोवीस तास कधीही तक्रार देता यावी, ही शिफारसही मॅकफर्सनचीच होती. आमच्यासारखी केंद्रं त्यातूनच उभी राहिली.

येणाऱ्याला मी आता पहिल्याच भेटीत काही गोष्टी बजावते. बोललेलं वाक्य त्याच दिवशी लिहून ठेवा, लिहिताना लाज वाटली तरी. चित्रीकरण कुणाकडे आहे ते त्याच दिवशी विचारा. गुन्ह्याचा क्रमांक घ्या. आणि नोंदीवर द्वेषमूलक गुन्ह्याचा शेरा पडला आहे का, हे तोंडाने विचारा. नसेल पडला तर तो घालायची मागणी करायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यासाठी पुरावा मागायचा अधिकार समोरच्या अधिकाऱ्याला नाही.

बसचालकांना मी आणखी एक दार दाखवायला गेले होते. सरकारी वकिलांनी खटला भरायचंच नाकारलं तर पीडिताला फेरविचार मागता येतो. इथे २०१३ पासून तशी योजना आहे. नियम काढून वाचले. काही आरोप लावले आणि काही लावले नाहीत, अशा प्रकरणांना ती योजना लागू होत नाही. मारहाणीचा खटला झाला, तेव्हा विषय संपला. ‘काय झालं’ याचा निवाडा मिळालेल्या आणि ‘का झालं’ याचा न मिळालेल्या माणसाला फेरविचार मागायची सोय त्या योजनेत नाही. आमच्या केंद्राने स्थानिक खासदारांना याबद्दल पत्र लिहिलं आहे. त्याखाली बसचालकांची सही आहे आणि तिच्या शेजारी त्यांच्या मुलीची.